लिथियम-११ चं खळं

मोबाइलच्या बॅटरीत जे लिथियम असतं, त्याच्या अणुकेंद्रकात तीन प्रोटॉन असतात आणि बहुतेक अणूंत चार न्यूट्रॉन. थोड्या अणूंत तीन. निसर्गात टिकून राहणारी लिथियमची ही दोनच रूपं, लिथियम-७ आणि लिथियम-६. प्रयोगशाळेत याहून जड लिथियम तयार करता येतं. पाच न्यूट्रॉनांचं लिथियम-८ होतं, सहा न्यूट्रॉनांचं लिथियम-९ होतं. सात न्यूट्रॉनांचं लिथियम-१० मात्र काही केल्या टिकत नाही. सातवा न्यूट्रॉन आला तसा निसटतो. इथे लिथियमची हद्द संपली असं कुणालाही वाटेल. पण न्यूट्रॉन आठ झाले की केंद्रक पुन्हा जुळून बसतं. ज्याला एक जास्तीचा न्यूट्रॉन पेलवत नाही, त्याला दोन पेलवतात.

हे लिथियम-११. कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथे १९६६ मध्ये ते सापडलं. त्याचं अर्धायुष्य सुमारे पावणेनऊ मिलिसेकंद. पापणी एकदा लवायला निदान शंभर मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात हजार लिथियम-११ मधलं एखादं उरलं तर उरतं. १९८५ मध्ये इसाओ तानिहाता या जपानी भौतिकशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या क्षणभंगुर वस्तूबद्दल अगदी साधा प्रश्न विचारला: हे केंद्रक केवढं आहे?

प्रश्न साधा, कारण उत्तर सगळ्यांना पाठ होतं. केंद्रकाची त्रिज्या त्यातल्या कणांच्या संख्येच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. कण आठपट झाले तर त्रिज्या दुप्पट. याचा अर्थ असा की कार्बन घ्या नाहीतर युरेनियम, केंद्रकातलं द्रव्य जवळजवळ सारखंच दाट असतं. १९५० च्या दशकात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्डमध्ये इलेक्ट्रॉनांचा मारा करून केंद्रकं मोजली, हे चित्र पक्कं केलं, आणि १९६१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नियम खराच होता. फक्त तो ज्यांच्यावर पारखला, ती केंद्रकं टिकाऊ होती, त्यांचा पत्रा कापून यंत्रासमोर ठेवता येत होता. आज माहीत असलेल्या तीन हजारांहून जास्त केंद्रकांपैकी टिकाऊ आहेत ती जेमतेम अडीचशे. बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं, कारण विचारायची सोय नव्हती.

लिथियम-११ चा पत्रा करता येत नाही. म्हणून प्रयोगच उलटा केला गेला. एरवी ज्याचा अभ्यास करायचा ते जागेवर ठेवतात आणि त्यावर ओळखीच्या कणांचा झोत सोडतात. इथे ज्याचा अभ्यास करायचा तेच झोत होऊन आलं आणि समोर ठेवला साधा कार्बन.

किरणोत्सारी केंद्रकांचा झोत, ही कल्पना ऐकताना जितकी सहज वाटते तितकी ती नाही. बर्कलीच्या बेव्हालॅक या यंत्रसंकुलात ती साकार झाली. त्यातला मोठा त्वरक, बेव्हाट्रॉन, जुनाच होता. १९५५ मध्ये अँटिप्रोटॉन सापडला तो याच यंत्रावर. तिथे निऑनसारख्या टिकाऊ केंद्रकांना प्रचंड वेग देऊन बेरिलियमच्या तुकड्यावर आदळवत. टक्कर निसटती झाली तर केंद्रकाचा काही भाग खरवडून निघतो आणि उरलेला तुकडा जवळजवळ आधीच्याच वेगाने पुढे जात राहतो. दहा प्रोटॉन आणि दहा न्यूट्रॉन असलेल्या निऑनमधून सात प्रोटॉन गेले आणि न्यूट्रॉन मात्र दोनच गेले, असा दुर्मिळ योग आला की मागे उरतं लिथियम-११.

त्याचा वेग प्रकाशाच्या सुमारे ८४ टक्के. या वेगाने शंभर मीटर कापायला अर्धा मायक्रोसेकंदही लागत नाही. पावणेनऊ मिलिसेकंदांत तर ते दोन हजार किलोमीटरांच्या पुढे जाईल, आणि वेगामुळे काळ संथ होतो हे सापेक्षतेचं गणित धरलं तर त्याहूनही खूप लांब. म्हणजे आपल्याला जे आयुष्य नगण्य वाटतं, ते प्रयोगशाळेतल्या काही मीटरांच्या प्रवासासाठी भरपूर आहे. अडचण आयुष्याची नव्हतीच. अडचण होती ती या एका तुकड्याला बाकीच्या असंख्य तुकड्यांतून वेगळं काढण्याची.

ते काम चुंबकं करतात. विद्युतभारित कण चुंबकीय क्षेत्रातून जाताना वळतो. जड असेल तर कमी, प्रभार जास्त असेल तर जास्त. ठरावीक वळण घेणारेच पुढच्या फटीतून जातात. नंतर प्रत्येक केंद्रकाची एकेक करून ओळख पटवतात. दोन शोधकांमधलं अंतर कापायला त्याला किती वेळ लागला ते नॅनोसेकंदांत मोजतात. वाटेतल्या दुसऱ्या शोधकात त्याने किती ऊर्जा गमावली ते पाहतात. ती प्रभाराच्या वर्गाच्या प्रमाणात असते, त्यामुळे दोन प्रोटॉनांचं हेलियम आणि तीन प्रोटॉनांचं लिथियम यांची गल्लत होत नाही. एका केंद्रकासाठी पडद्यावर एक ठिपका उमटतो.

मला या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट हा पडदा वाटते. सुरुवातीला इकडेतिकडे विखुरलेले ठिपके पडतात. मग त्यांचे पुंजके दिसू लागतात, पुंजक्यांची ओळ होते. चुंबकं एका वेळी थोडाच भाग पुढे सोडतात, म्हणून वेगवेगळ्या मांडण्यांतली चित्रं शेजारीशेजारी ठेवावी लागतात. तशी ठेवली की हेलियमच्या ओळीत ४ दिसतो, ५ ची जागा रिकामी, मग ६, पुन्हा ७ ची जागा रिकामी, मग ८. लिथियमच्या ओळीत ६, ७, ८, ९, मग मोकळी जागा, आणि त्या मोकळ्या जागेपलीकडे ११. कोणतं केंद्रक जुळतं आणि कोणतं जुळत नाही, हा निवाडा तिथे डोळ्यांना दिसतो. कितीही तास झोत चालू ठेवला तरी त्या रिकाम्या जागी पुंजका उमटत नाही.

आता आकार. त्याची युक्ती अशी की केंद्रकं मोजायची, कार्बनमधून जाऊ द्यायची आणि पलीकडे जशीच्या तशी किती पोचली ते पुन्हा मोजायचं. दाट आमराईतून डोळे मिटून चेंडू भिरकावले तर लहान चेंडू बरेच पार होतील, मोठे चेंडू जास्त वेळा खोडांना अडतील. किती अडले यावरून, चेंडू न पाहताही, त्याचा आकार सांगता येतो. केंद्रकांच्या बाबतीत या अडण्याच्या शक्यतेला क्षेत्रफळाच्या एककात मांडतात आणि मिलिबार्नमध्ये मोजतात.

कार्बनवर लिथियम-७ साठी आकडा आला ७३६. लिथियम-८ साठी ७६८, लिथियम-९ साठी ७९६. एकेक न्यूट्रॉन वाढला की तीसेक मिलिबार्नांची वाढ, अगदी नियमाला धरून. लिथियम-११ साठी आकडा आला १०४०.

केंद्रक जास्त दुर्मिळ, म्हणून मापातली अनिश्चितता इतरांहून मोठी होती. तरी ही उडी अनिश्चिततेत बुडण्यासारखी नव्हती. आकडा आकारात रूपांतरित केला तेव्हा लिथियम-११ ची सरासरी त्रिज्या सव्वातीन फेम्टोमीटरच्या आसपास निघाली. मिलिमीटरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे फेम्टोमीटर. लिथियम-९ ची त्रिज्या २.३ च्या घरात. दोन कण वाढले तर नियमाप्रमाणे त्रिज्या सात टक्के वाढायला हवी. ती वाढली चाळीस टक्के. अकरा कणांचं हे केंद्रक जवळपास अठ्ठेचाळीस कणांच्या कॅल्शियमएवढं पसरलेलं निघालं.

केंद्रक सगळंच फुगलं होतं, की आतलं जसंच्या तसं राहून बाहेर काही पसरलं होतं? दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, ग्रेगर्स हान्सेन आणि ब्यॉर्न यॉन्सन यांनी उत्तर मांडलं. त्यांच्या मते आत नेहमीसारखं दाट लिथियम-९ आहे, आणि उरलेले दोन न्यूट्रॉन त्याच्याभोवती दूरवर विरळ खळं करून राहतात.

दोन न्यूट्रॉन इतके लांब जातात, कारण त्यांना फारसं कुणी धरून ठेवलेलं नाही. एरवी केंद्रकातून एक न्यूट्रॉन उपटायला सहा ते आठ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते. लिथियम-११ मधून दोन्ही न्यूट्रॉन काढायला मिळून लागते फक्त ०.३७. व्हँकूवरच्या ट्रायम्फ प्रयोगशाळेने २००८ मध्ये विद्युतचुंबकीय सापळ्यात लिथियम-११ अडकवून त्याचं वजन केलं आणि हा आकडा पक्का केला. इतकं अल्पायुषी केंद्रक त्याआधी अशा सापळ्यात कुणी तोललं नव्हतं.

पुंजभौतिकीत कण म्हणजे एका जागी ठेवलेली गोटी नसते. बंधनाचं बळ जिथे संपतं, त्या हद्दीबाहेरही त्याच्या असण्याची थोडी शक्यता शिल्लक असते. बंधन पक्कं असेल तर ही शक्यता हद्दीबाहेर पडताच झपाट्याने शून्याकडे जाते. बंधन जितकं सैल, तितकं तिचं शेपूट लांब. लिथियम-११ चे शेवटचे दोन न्यूट्रॉन आपला बराच काळ अशा ठिकाणी असतात जिथे केंद्रकीय बल त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. प्रोटॉन असते तर विद्युत अपकर्षणाच्या भिंतीने त्यांना आत कोंडलं असतं. न्यूट्रॉनांना ती भिंत नाही. शिवाय हे न्यूट्रॉन बऱ्याच अंशी अशा अवस्थेत असतात जिथे फिरण्यामुळे उभी राहणारी अडवणूकही नसते. मोजमापाच्या चुकीतून असं खळं दिसत नाही. ते नियमांतूनच निघतं, आणि म्हणूनच ते मला जास्त थक्क करतं.

पुरावा १९८८ मध्ये आणखी एका वाटेने आला. तोशिओ कोबायाशी आणि सहकाऱ्यांनी वेगातलं लिथियम-११ फोडलं आणि निघालेल्या लिथियम-९ चा संवेग आडव्या दिशेने किती विखुरतो ते पाहिलं. हायझेनबर्गच्या अनिश्चिततेच्या तत्त्वानुसार जागेत जे पसरट, ते संवेगात अरुंद. लिथियम-९ च्या संवेगात नेहमीच्या रुंद भागावर एक अरुंद शिखर उभं होतं, रुंदीने जवळपास चौथ्या हिश्शाचं. म्हणजे तुटण्याआधी बाहेरचे न्यूट्रॉन खरोखरच लांब पसरलेले होते.

आता त्या रिकाम्या जागेकडे. लिथियम-९ आणि एक न्यूट्रॉन जोडून केंद्रक होत नाही. नुसते दोन न्यूट्रॉनही एकमेकांना धरून राहत नाहीत. पण लिथियम-९ आणि दोन न्यूट्रॉन असे तिघे एकत्र आले की जमतं. कोणताही एक काढा, उरलेले दोघे सुटे. इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या चिन्हात तीन कड्या अशाच गुंतलेल्या असतात, म्हणून अशा केंद्रकांना बोरोमियन म्हणतात. हेलियम-६ ही त्यातलंच, म्हणून पडद्यावर हेलियम-५ ची जागाही रिकामी. तीन वस्तूंचं असं एकत्रित बंधन गणिताने उलगडायला आजही सोपं नाही, आणि केंद्रकीय बलाची आपली समज पारखायला याहून कठोर परीक्षा क्वचित सापडेल.

हेलियमची गोष्ट इथे थांबून सांगण्यासारखी आहे. न्यूट्रॉनांना प्रभार नसतो, त्यामुळे खळ्यातले न्यूट्रॉन प्रकाशाला थेट दिसत नाहीत. पण आतल्या प्रोटॉनांचा पसारा थोडा जरी बदलला तरी अणूतल्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा अतिसूक्ष्म बदलते आणि तो बदल लेसरच्या अचूक रंगाने पकडता येतो. त्यासाठी अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेच्या गटाने हेलियमचे एकेकटे अणू लेसरच्या सापळ्यात धरले. २००४ मध्ये हेलियम-६ चे, आणि २००७ मध्ये फ्रान्समधल्या काँ शहरातल्या गॅनिल प्रयोगशाळेत हेलियम-८ चे. हेलियम-८ चं अर्धायुष्य ११९ मिलिसेकंद. तासाला असे तीसेक अणू हाती लागायचे. एकेक अणू येईल तसा, तो विरायच्या आत, त्याला विचारून घ्यायचं.

साध्या हेलियम-४ मध्ये प्रोटॉनांच्या पसाऱ्याची त्रिज्या १.६८ फेम्टोमीटर. हेलियम-६ मध्ये ती २.०७ झाली. मग चार जास्तीचे न्यूट्रॉन असलेल्या हेलियम-८ मध्ये आणखी वाढायला हवी? ती १.९३ भरली, कमी. कारण असं की हेलियम-६ मधले दोन न्यूट्रॉन बऱ्याचदा एका बाजूला असतात, आणि त्यांचा तोल सांभाळताना आतला गाभाही मध्यापासून सरकतो, डुलतो. त्यामुळे प्रोटॉन जास्त पसरलेले दिसतात. हेलियम-८ मध्ये चार न्यूट्रॉन चहूबाजूंनी अधिक समतोल पसरतात, म्हणून गाभा कमी डुलतो. विरून जाणाऱ्या अणूच्या रंगातून त्याच्या आतल्या न्यूट्रॉनांची मांडणी वाचता येते, हे मानवी हाताचं काम आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

याच गॅनिलमध्ये २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मुंबईचा मोठा वाटा होता. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी फ्रेंच सहकाऱ्यांसोबत हेलियम-८ चा झोत सोन्यावर सोडला. रदरफर्डच्या प्रयोगशाळेत शंभर वर्षांपूर्वी सोन्याच्या वर्खावर अल्फा कण सोडले, तेव्हा केंद्रकाचा शोध लागला. अल्फा कण म्हणजे हेलियम-४. आता तेच सोनं, पण येणाऱ्या हेलियमकडे चार जास्तीचे न्यूट्रॉन. प्रश्न असा होता की इतकं सैल केंद्रक विद्युत अपकर्षणाची भिंत भेदून सोन्यात कसं शिरतं.

अशा झोतात सेकंदाला फार केंद्रकं नसतात, म्हणून प्रत्येक संयोग वाया न घालवता मोजायला हवा होता. सोन्यात ७९ प्रोटॉन, हेलियमचे दोन. एकजीव झाले की ८१, म्हणजे थॅलियम. हे थॅलियम किरणोत्सारी असतं. गटाने सोन्याचे पत्रे झोतातून काढून शांत जागी नेले आणि थॅलियम विरताना निघणारा विशिष्ट क्ष-किरण आणि गॅमा किरण एकाच वेळी आले तरच नोंद धरली. आजूबाजूचा किरणोत्सार अशी जोडी सहसा लावत नाही, म्हणून थोडक्या घटनांमधूनही स्पष्ट उत्तर मिळालं. हेलियम-८ चं भिंत भेदणं त्याच्या हलक्या भावंडांच्या चालीवरून वर्तवता येईल असं नव्हतं.

हलक्या केंद्रकांनी आणखी एक जुनी खात्री हलवली. १९४९ मध्ये मारिया गेपर्ट मायर आणि हान्स येन्सन यांनी केंद्रकातल्या कणांची मांडणी कवचांमध्ये केली. २, ८, २०, २८ असे आकडे पूर्ण झाले की केंद्रक विशेष पक्कं होतं. हे जादूचे आकडे सर्वत्र चालतात असं मानलं जाई. २००० मध्ये अलाहारी नवीन आणि सहकाऱ्यांनी बेरिलियम-१२ मधला एक न्यूट्रॉन काढून दाखवलं की तिथे आठचा आकडा चालत नाही. २००९ मध्ये रितुपर्णा कानुंगो यांच्या गटाने ऑक्सिजन-२४ पाहिलं. तिथे सोळा न्यूट्रॉन जादूच्या आकड्यासारखे वागतात. याच कानुंगो यांनी नंतर ट्रायम्फमध्ये चांदीच्या पातळ पत्र्यावर गोठवलेल्या ड्युटेरियमवर लिथियम-११ सोडून, त्याचं खळं आणि गाभा एकमेकांविरुद्ध झुलतात याचा पुरावा मिळवला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला.

मग २०२३ मध्ये जपानच्या रिकेन संस्थेतून ऑक्सिजन-२८ ची बातमी आली. आठ प्रोटॉन, वीस न्यूट्रॉन. दोन्ही आकडे जादूचे. जुन्या हिशेबाने हे केंद्रक दुप्पट पक्कं असायला हवं. फ्लुओरिन-२९ चा झोत द्रवरूप हायड्रोजनवर सोडून त्यातला एक प्रोटॉन काढला, ऑक्सिजन-२८ क्षणभर झालं आणि लगेच ऑक्सिजन-२४ आणि चार सुटे न्यूट्रॉन असं फुटलं. प्रभार नसलेले चारही न्यूट्रॉन एकाच घटनेत पकडणं हे त्या प्रयोगातलं सगळ्यात कठीण काम होतं. वीसचा आकडा तिथे कामाला आला नाही.

किती न्यूट्रॉन घातले म्हणजे केंद्रक आणखी एकही धरू शकत नाही, ही हद्द आज प्रत्येक मूलद्रव्यासाठी शोधली जाते आहे. रिकेनमधल्या प्रयोगांनी २०१९ मध्ये फ्लुओरिनची हद्द फ्लुओरिन-३१ ला आणि निऑनची निऑन-३४ ला ठरवली. म्हणजे आवर्तसारणीतल्या पहिल्या दहा मूलद्रव्यांपुरतंच हे काम झालं आहे. अकरावं सोडियम. त्याचं २८ न्यूट्रॉनांचं रूप, सोडियम-३९, २०२२ मध्ये पक्कं दिसलं. त्याच वर्षी अमेरिकेत मिशिगनमध्ये एफआरआयबी हा नवा त्वरक सुरू झाला. सोडियमच्या ओळीत ३९ च्या पुढे आणखी पुंजके उमटतात की नाही, ते अशाच पडद्यांवर पाहायचं आहे.